एका पेटीत दोघी

नाही, पाणी नको, आणि चहा तर नकोच — आज चतुर्थी आहे माझी, चहा चालतो तसा, पण आत्ता वेळ नाही — तुम्ही आधी मला तेवढं एक सांगा मिनल मॅडम, जे मी मघापासून विचारून राहिली आणि तुम्ही गोल गोल फिरवून राहिल्या. आमच्या सासूबाई जिवंत आहेत की नाहीत? असं पाहू नका माझ्याकडे. मला कळतं. गंगाबाई घाटावर मी स्वतः उभी होती, अग्नी दिलेला पाहिला, ते नाही विचारत मी. ह्या लॅबच्या दाराच्या आत, त्या तुमच्या गरम पेटीत जे ठेवलं आहे, ते जिवंत आहे का? — हो. बरं. आणि ते सासूबाईंचंच आहे, दुसऱ्या कोणाचं नाही? — हो. झालं मग! पण त्या जिवंत आहेत का म्हटलं की लगेच नाही म्हणता. दोन हो मिळून एक नाही कसं होते, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही बाप्पा. आणि शिरवून तर घ्यावंच लागणार, कारण खाली जाऊन मलाच सांगायचं आहे.

खाली कोण म्हणजे — वच्छलाताई, माझ्या मोठ्या नणंद. तुमच्या गेटाजवळच्या बाकावर बसल्या आहेत, पदर डोक्यावर घेऊन, कोणाच्या मयताला आल्यासारख्या. आणि आमचे हे, हेमराज — हे तिकडे स्कूटरींच्या रांगेत उन्हात उभे, कारण बहिणीजवळ बसायची हिंमत नाही आणि माझ्यासोबत वर यायचीही नाही. मला म्हणाले, 'तू सांग समजावून, तुले जमते.' लग्नापासून ह्यांनी मला दिलेली कामं सगळी अशीच — तुले जमते. ताईंचं मात्र सरळ असते. 'सही तूच केली होती ना? मंग तूच जाय, आन् माह्या मायले सोडवून आण.' सोडवून आण! जसं काही तुम्ही ठाण्यात बसवून ठेवली आहे.

झालं असं, की दहाव्याला आम्ही रामटेकला गेलो, अंबाळ्याच्या तलावावर, आमच्या घरचं तिथंच होते. महाराजांनी सगळं नीट केलं, पिंड ठेवला, आणि आम्ही सगळे मागं सरकून कावळ्याची वाट पाहत उभे. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या झाडावर चांगले बसले होते, मान वाकडी करून पाहून राहिले होते. पण घाटाच्या भिंतीवर माकडं! तुम्ही नागपूरच्याच ना? मग रामटेकची माकडं तुम्हाला काय सांगायची. एक कावळा उतरला, दोन उड्या मारत पिंडाजवळ आला, तर ते भलं मोठं माकड नुसतं जागेवर हललं आणि कावळा परत झाडावर. मग अशा वेळी तुम्हाला माहीत आहे — गेलेल्या माणसाचा जीव कशात अडकला ते ओळखून बोलावं लागते, वचन द्यावं लागते, तेव्हा कावळा शिवते. तर हे हात जोडून म्हणाले, 'माय, वच्छलाताईचं माहेर मी तुटू देणार नाही.' नाही आला. ताई म्हणाल्या, 'माय, मी भावासंग भांडणार नाही.' नाही आला — ते तर मलाही पटलं नाही, कावळ्याला काय पटणार. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले, डोळे मिटले. तोंडानं काही बोलली नाही. आणि डोळे उघडून पाहते तर माकड पिंड घेऊन भिंतीवर बसून खाऊन राहिलं. महाराजांनी शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला, म्हणाले, चालते, शास्त्रात आहे. शास्त्रात असेल, पण वच्छलाताईंच्या मनात नाही ना! आम्ही परत निघालो. कन्हानच्या पुलावर गाडी आली आणि ताई एकदम ताठ झाल्या. 'हेमराज,' म्हणे, 'माय जाईन कशी? तिचं रक्त तं तिकडं जित्तं ठेवलं हाये!'

आणि हे त्यांना कोणी सांगितलं होतं? मीच. मीच शहाणी. तुम्ही तो फोटो पाठवला होता ना मोबाइलवर, काळ्यावर हिरवे हिरवे धागे, किती नाजूक, एकातून दुसऱ्यात गेलेले — मी कौतुकानं साऱ्या तांडापेठेत दाखवला. पाहा, आमच्या सासूबाईंच्या रक्तापासून मॅडमनं मेंदूच्या पेशी वाढवल्या. सगळ्या बाया म्हणाल्या, काय छान. ताईंनीही तेव्हा 'छान' म्हटलं. आता म्हणतात, 'तू माह्या मायले शीशीत कोंडलं.' आणि ह्यांनी, काही गरज नसताना, मध्येच भर घातली — 'सगळं नाही वच्छलाताई, काही काही बर्फात गोठवूनही ठेवते म्हणे.' झालं! 'माय माही फ्रीजमंधी!' असा गळा काढला बाईनं, की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. तुम्हाला हसू येते. मलाही आलं असतं, दुसऱ्याच्या घरचं असतं तर. तेव्हापासून घरात चूल दोन वेळा पेटते पण जेवते कोणी नाही. तेरवीला ताईंनी घास नाही घेतला, म्हणाल्या, मायचं पोट भरलं नाही तं मी कशी जेवू. आणि सगळे पाहतात माझ्याकडे. आलेल्या गेलेल्याला ताई दारातच सांगतात, सुनेनं सही केली. काय सही केली ते नाही सांगत. ऐकणाऱ्याला वाटते, मी घरच नावावर करून घेतलं.

मला सांगता येत नाही हो! तुम्ही तेव्हा सासूबाईंचं रक्त न्यायला घरी आल्या होत्या, संमतीच्या कागदावर माझी सही घेतली, पलंगावर बसून किती छान समजावलं होतं, तेव्हा माझ्या डोक्यात सगळं बसलं होतं. रक्ताच्या पेशीला तुम्ही काही औषधं देता आणि ती मागं मागं जाते, आपण रक्त आहोत हे विसरते, आईच्या पोटात असते तशी कोरी होते — स्टेम सेल. कोरी झाली की तिला छोट्या थाळीत, त्या गुलाबी पाण्यावर आठवडेच्या आठवडे पोसायचं आणि मेंदूची पेशी व्हायला शिकवायचं. मी म्हटलं होतं, मॅडम, म्हणजे पेशीला विसरायचं औषध आहे तुमच्याजवळ आणि माणसाला आठवायचं नाही? तुम्ही हसल्या. म्हणाल्या, त्याच्यासाठीच तर चाललं आहे हे. मग ते जोडांचं सांगितलं — दोन पेशींचे धागे भेटतात तिथं जोड बसतो, वापरला की घट्ट होतो, नाही वापरला की सैल पडतो, आठवण म्हणजे असेच करोडो जोड, ती काही पेशीच्या पोटात भरून ठेवलेली नसते. आणि सासूबाईंच्या पेशी जोड बसवतात पण टिकवत नाहीत, म्हणून त्या पाहायच्या, आणि ताळा करायला एका धडधाकट माणसाच्या पेशी सोबत पाहायच्या. ताई सुईला भ्याल्या म्हणून मी हात पुढे केला. माझंही रक्त नेलं तुम्ही त्याच दिवशी. ते कोणाला आठवत नाही. मला शीशीत कोंडलं म्हणून कोणी गळा काढला नाही.

तर मी हेच ताईंना सांगितलं, शब्दाला शब्द. म्हटलं, आईंची आठवण जोडांत होती, जोड डोक्यात होते, ते घाटावर गेले. ह्या पेशी कोऱ्या. ह्यांना ना उमरेड माहीत, ना तांडापेठ, ना हेमराज, ना तुम्ही. तर ताई म्हणतात, 'तान्ह्या लेकरालेही काही माहीत नसते. मंग त्याच्यात जीव नसते का वं?' आता द्या ह्याचं उत्तर. — तसं नाही? तसं नाही म्हणजे काय? लेकरू वेगळं, पेशी वेगळी. हो. पण हे 'वेगळी' मी तुमच्या तोंडून ऐकलं की समजते, आणि गेटापर्यंत जाता जाता सांडून जाते. मला तुम्ही एक असं वाक्य द्या की जे मी पदरात बांधून नेईन आणि ताईंच्या पुढ्यात ठेवीन. नाही ना? तुमच्याजवळ नाही. तुमच्याजवळ 'एका अर्थानं हो' आहे. आमच्या घरात एका अर्थानं काही चालत नाही मॅडम.

आणि गंमत पाहा, सोडवायला मला पाठवलं. मला! सासूबाईंनी, तुळजाबाईंनी, ज्या सुनेचं नाव घेतलं नाही कधी. तुम्हाला नसेल माहीत, तुम्ही आल्या तेव्हा सगळं वेगळं होतं. आमच्या घरी हातमाग होता. दोन खोल्या, एकीत स्वयंपाक आणि माणसं, दुसरीत माग — जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायानं फळ्या दाबायच्या, हातानं धोटा फेकायचा. सासरे, शालिकराम, लवकर गेले, मग सासूबाईच बसायच्या मागावर, दोन्ही लेकरं त्याच मागावर वाढवली. मग ह्यांचं लग्न ठरलं. नवी सून येणार, तिला खोली पाहिजे. ह्यांनी माग सोडवला, लाकूड देऊन टाकलं, खड्डा बुजवला, वरून फरशी, फरशीवर नवा पलंग. मला काय माहीत! मी पवनीची, मास्तराची पोरगी, मला एवढंच दिसलं की खोलीला ताजा चुना मारला आहे. सासूबाई भांडल्या नाहीत बरं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त माझं नाव घेतलं नाही. 'खोलीवाली.' 'खोलीवालीले सांगा, नळ आला.' मी समोर उभी, आणि सांगायचं भिंतीला. मी रांधलेलं जेवायच्या, पण माझ्या हातून वाढून नाही घेतलं, पातेलं ओढून स्वतः घ्यायच्या. मी म्हणायची, हे असंच असते, उपवास करावे, देव पाहते. टेकडीच्या गणपतीला किती मंगळवार चढली असेन मी, त्यांच्या तोंडून एकदा माझं नाव, उत्तरा, निघावं एवढ्यासाठी. देवानं पाहिलं नाही. माणूस एका घरात इतकी वर्षं राहून जोड बसत नाही, आणि तुम्ही म्हणता तुमच्या थाळीत आठवड्यात बसते!

मग विसरायला लागल्या. आधी चुलीवरचं दूध, मग गल्ली, मग सासरे गेले हे. ताई यायच्या आणि रडायच्या. हे डॉक्टर बदलायचे. आणि एक दिवस मी दुपारची गहू निवडत बसली होती, तर आल्या आणि माझ्याजवळ बसल्या. माझ्याजवळ! भिंतीजवळ नाही. आणि म्हणतात, 'गोपिके, कांड्या भरल्या का वं?' गोपिका म्हणजे त्यांची धाकटी बहीण, उमरेडला लहानपणी दोघी मिळून दोऱ्याच्या कांड्या भरायच्या, धोट्यात घालायला. पोरवयातच तापानं गेली ती. मी म्हटलं, 'हाव, भरल्या.' तर माझ्या गालावरून हात फिरवला. खरबरीत हात, बोटांना अजून दोऱ्याच्या रेघा. 'गुणाची माही बाई.' — मी त्या दिवशी गहू तसेच टाकून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. मग काय, रोजचंच झालं. ती — त्या — ती माझ्याशिवाय जेवायची नाही. माझ्याच पलंगाच्या काठावर बसायची, पाय खाली सोडून, आणि पाय हलवायची, एक वर, एक खाली, बरोबर त्याच जागी जिथं फरशीखाली खड्डा आहे. पोरांची नावं विसरली पण पाय विसरले नाहीत. मी समोर बसायची आणि रिकाम्या हातानं कांडी द्यायची. ती घ्यायची. दुपारभर. हे कचेरीतून येऊन विचारायचे, 'काय चाललं दोघींचं?' मी म्हणायची, काम.

काय म्हणता? डोळे? नाही, ते तुमच्या ह्या एसीनं. — तर तेव्हा मी सोळा सोमवार धरले होते. सगळी गल्ली म्हणायची, उत्तराचे उपवास पाहा सासूसाठी, पोटच्या पोरीनं एवढं नाही केलं. उद्यापनाला घर भरलं होतं, सोळा जोडपी, चुरम्याचा प्रसाद, ताई पुढं होऊन सगळं करून राहिल्या. मी प्रसादाची वाटी घेऊन तिच्यासमोर वाकली, घास पुढं केला, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे — ओळखलं. डोळे बदलतात हो. वाटी हातानं बाजूला सारली, तोंड भिंतीकडे केलं, आणि म्हणाली, 'खोलीवालीले विचारा, माह्या घरात कोण्या खुशीची पंगत बसवली?' आणि घरात आनंदीआनंद! आठवलं, आठवलं, मायले आठवलं! ताईंनी माझ्या गळ्यात हात टाकले, 'उत्तरा, तुह्या महादेवानं ऐकलं वं!' बाया माझ्या पाया पडायला लागल्या. आणि मी ती वाटी धरून उभी. तिनं संध्याकाळी स्वतः पातेलं ओढून भात घेतला. दुसऱ्या दिवशीही. मग तिसऱ्या की चौथ्या दिवशी पुन्हा पलंगाशी आली, पाय सोडून बसली, म्हणाली, 'गोपिके, कुठं गेली होती वं तू?' मी त्याच शुक्रवारी कोराडीला जाऊन देवीची ओटी भरली. — काहून म्हणजे? असंच. नवस होता एक जुना. तुम्ही प्रत्येक गोष्टीचं काहून विचारता मॅडम, शास्त्रज्ञ आहात म्हणून काय झालं.

ते जाऊ द्या. मी आली कशाला ते पाहू. ताईंचं म्हणणं, सासूबाईंच्या पेशी थाळीतल्या, बर्फातल्या, सगळ्या काढून टाका. माझी सही आहे, मी म्हटलं की तुम्हाला टाकाव्या लागतील, असं तुम्हीच म्हणता. पटकन होऊन जाईल? — मग थांबल्या काहून? बोला ना. काय सांगायचं होतं? — परवा? नवीन औषध? बरं. — टिकले? कोणाचे जोड टिकले? सासूबाईंच्या पेशींचे? तुम्ही ते विजेचे बारीक टिचके देता, ते थांबल्यावरही जोड घट्ट राहिले? थांबा. थांबा थोडं. मला बसू द्या. — म्हणजे ती — म्हणजे आता तिला आठवायला — नाही, नाही, ती नाही, पेशी, मला कळते, ओरडू नका — बरं, नाही ओरडल्या. पण जोड टिकले म्हणजे जुने उठून आले का? — नवे. नक्की नवे? हे औषध टाकल्यानंतरचे? त्यात मागचं काही नाही, भिंत नाही, माग नाही, खोलीवाली नाही? मले खरं सांग बेटा. तुह्या आईसारखी आहे मी, मले खरं सांग.

नाही, आनंद झाला मला. खूप आनंदाची गोष्ट आहे. कोणाकोणाच्या घरी म्हातारी माणसं आपल्या लेकरांना ओळखतील उद्या, तुझ्या हातून होईल ते, देव तुझं भलं करो. फक्त — मी वाईट नाही बेटा. तिला कधी उपाशी नाही ठेवलं, औषधाची वेळ नाही चुकवली, ती पडू नये म्हणून रात्र रात्र दिवा ठेवला. देवाजवळ मागितलं, तिला दुखू देऊ नको, तिला भिऊ देऊ नको. एवढंच मागितलं. आठवू दे असं — असं तोंडावर यायचं, आरतीच्या शेवटी सगळे म्हणायचे ना, मायले आठवू दे, तेव्हा मी नुसती टाळी वाजवायची. आणि त्या दिवशी रामटेकला, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी डोळे मिटले — तर काय म्हणायला पाहिजे होतं? आई, आम्ही सुखी आहोत, तुम्ही जा. हेच ना? सोपं होतं. ते माझ्या मनात आलंच नाही. मनात आलं, जाऊ नको. कांड्या राहिल्या आहेत अजून, जाऊ नको. आता सांग, कावळा शिवेल कसा? ताई तुझ्या थाळीला बोल लावतात, हे माकडांना लावतात. दोघंही खोटे. मी काय सांगू त्यांना? मले काहून बोलायला लावलं तू? पाणी दे. हो, चालते, पाणी चालते.

हं. बरं वाटलं.

एक विचारू? माझ्या पेशी कुठं असतात? त्याच पेटीत? खालच्या खणात की — शेजारी. शेजारी! एका घरात असून जिनं माझ्या हातचं वाढून घेतलं नाही, ती आता माझ्या शेजारी, त्याच गुलाबी पाण्यावर, आणि वाढणारी तू. आणि मी ताईंचं ऐकून तिची थाळी काढून टाकायला सांगू, माझी एकटीची ठेवू? तो माग काढला तसंच झालं हे. पुन्हा मला खोली मिळाली. — आणि बेटा, आता हे अगदीच अडाण्यासारखं आहे, हसली तरी चालेल. दोघींच्या पेशी एका थाळीत ठेवल्या तर? जोडतील एकमेकींना? — जोडतील. कोणाच्याही? कोणाच्याही कोणाशीही? अगदी अनोळखी असल्या तरी? हं. म्हणजे त्यात आमचं असं काही नाही. माझ्या जागी कोणीही चाललं असतं.

पण आमचं तरी काय होतं मग! मी पवनीची, ती उमरेडची, कोण कोणाची, आणून ठेवलं एका घरात आणि म्हटलं, जोडा. मलाही तिनं गोपिका समजूनच जोडलं ना शेवटी. अनोळखी म्हणूनच जोडलं. ओळखलं की तोडायची. मग ह्या ओळखत नाहीत तेच बरं आहे. — काय? तुम्हाला तसंही ते करून पाहायचं आहे? धडधाकट पेशी शेजारी असली तर आजारीचा जोड टिकतो का, ते? मला खूश करायला म्हणून नाही ना सांगून राहिली? शपथ घालत नाही, पण खरं आहे ना? मग कर. माझं काही म्हणणं नाही. मी काढून टाका असं म्हटलं आहे का आतापर्यंत? नाही ना? ताईंचं म्हणणं आहे, असं म्हटलं मी. माझं म्हणून मी काहीच बोलली नाही. ठेव. हळू ठेव दोघींना. तिला थंडी सहन नाही व्हायची. — हो, हो, पेशी. पेशींना.

ताईंना काय सांगू ते पाहीन मी. त्यांचंही चुकत नाही, त्यांची माय आहे, त्यांच्या पोटात अन्न जात नाही. कोणीतरी त्यांना झालं म्हणून सांगायला पाहिजे, म्हणजे त्या जेवतील, आणि — कोण आलं? ऐक. चपलांचा आवाज. जिना चढून आल्या वाटते, गुडघे दुखतात तरी. मिनल, तू आत जा. जा लवकर. दार लावून घे, आणि काही झालं तरी बाहेर येऊ नको, तुला खोटं बोलता यायचं नाही.

या ताई. या, आधी बसा, दम घ्या. — हाव, झालं. टाकलं त्यांनी सगळं. — हो ना ताई, माझ्यासमोर. चला.